जायची वाट अरुंद

बराकपूर,
भाऊबीजेनंतरचा रविवार

प्रिय शौनक,

देवयानीकडून पाठवलेला तुझा निरोप पोचला. महिना संपायच्या आत गल्लीतल्या सगळ्यांनी पुन्हा फोनवर व्हिडिओ लावून ठेवायचे, पूर्वीसारखे दिवसभर, नाहीतर आमच्या वाट्याचा टॉवर दुसरीकडे जाणार. आणि सुरुवात मी करायची, कारण बाबांच्या मागे गल्ली माझं ऐकेल. असंच ना? सूनबाईने सगळं नीट सांगितलं, वर तुझी काय दशा झाली आहे तेही सांगितलं. तू धड जेवत नाहीस, घरी आल्यावरही तो रंगीत नकाशा उघडून बसतोस, तिने काही विचारलं तर हूं म्हणतोस. मी तिला म्हटलं, उत्तर पत्राने पाठवते. ती बघतच राहिली. बराकपूरहून न्यू टाउनला, कलकत्त्यातल्या कलकत्त्यात, पत्र! पण फोनवर मला हे जमायचं नाही. का ते सांगते, पण आधी मला थोडं बोलू दे. तुझ्या बाबांनी जन्मभर माझं एक वाक्य पुरं होऊ दिलं नाही, तू तरी दे.

सुरुवात झाली ती तुझ्याच बाल्कनीत, आठवतं? संक्रांतीला आम्ही तिळगूळ घेऊन आलो होतो. बाबांचं नेहमीचं रडगाणं चाललं होतं, की आमच्याकडे बोलता बोलता आवाज तुटतो आणि पोरगा मात्र मोबाइल कंपनीत नेटवर्क आखतो, दिव्याखाली अंधार. तू हसलास आणि खाली रस्त्यावरचे खांब दाखवलेस. थोड्या थोड्या अंतरावर एकेका खांबाला एकेक डबा टांगलेला. तू म्हणालास, बाबा, पूर्वी आम्ही एक उंच टॉवर उभा करायचो आणि लांबच्या माणसापर्यंत आवाज पोचतो की नाही एवढंच बघायचो. आता लोक बोलतात कमी, बघतात फार. एकेक माणूस दिवसभर इतकं बघतो की तो एक टॉवर पुरत नाही, म्हणून टॉवर लहान झाले, पुष्कळ झाले, अगदी माणसांच्या डोक्याशी आले. आणि कुठे बसवायचे ते लोक कुठे किती बघतात त्यावरून ठरतं. मग तू तो नकाशा दाखवलास. तुमचं न्यू टाउन लालभडक, सियालदा लाल, तिकडे बेहालाही लाल. गंगेच्या काठाने तू बोट वर वर नेलंस आणि आमच्या गल्लीवर थांबलास. तिथे पांढरं. तिथे कोणी बघतच नाही काही, मग टॉवर कशाला येईल, असं तू सहज बोलून गेलास. मी देवयानीबरोबर भांडी आवरत होते, मी हसण्यावारी नेलं. तुझ्या बाबांच्या मात्र ते जिव्हारी लागलं.

इच्छापूरच्या कारखान्यात हिशेबखात्यात ज्याचा जन्म गेला, त्याला आपला रकाना कोरा आहे हे कसं खपावं! निवृत्त झाल्यावर सगळे नातेवाईक पुण्याला चला म्हणत होते, तर हे हटून बसले, मला गंगा सोडवत नाही म्हणून. गंगा कसली, खालच्या मजल्यावरच्या तपतीदीच्या हातची इलिश मासळी सोडवत नव्हती. मला वास येत नाही असं त्यांना वाटायचं. तर परतीच्या गाडीतच त्यांनी ठरवून टाकलं, की मागणी नसेल तर मागणी दाखवायची. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या त्या मराठी बंगालीत घरोघर हिंडले. गल्लीत सगळे पिकली पानं, पोरं कुठे बेंगळुरू, कुठे कॅनडा, प्रत्येकाचा फोन ऐन बोलण्यात तुटणारा. बाबांना सगळे शामबाबू म्हणायचे; शामबाबू म्हणतात ना, मग करूया, असं झालं. तपतीदीने फुटबॉल लावला, पलीकडच्यांनी कीर्तन, आणि मला बाबांनी पाककृती लावून दिल्या. नदीकडच्या खिडकीत फोन उभा करायचा, आवाज बंद करायचा आणि आपल्या कामाला लागायचं. खिडकीत कोणी एक बाई दिवसभर पुरणावर तूप सोडतेय आणि मी इकडे मुगाची खिचडी ढवळतेय! संध्याकाळी बाबा फेरी मारायचे, चालू आहे ना, चालू आहे ना. आली लहर केला कहर, असं मी त्यांना म्हणायची, पण खरं सांगते, मलाही गंमत वाटत होती. निवृत्तीनंतर इतक्या उत्साहात हा माणूस मी बघितला नव्हता.

तूही काही मागे राहिला नाहीस. आई, तुमची गल्ली गुलाबी झाली, म्हणून फोन केलास. पावसाळा संपता संपता लाल झाली तेव्हा बाबांनी गल्लीभर संदेश मिठाई वाटली, आणि तू म्हणालास, आता टॉवर आलाच समजा, फक्त बंद करू नका. त्याच फोनमध्ये तू आणखी एक सांगितलं होतंस, की मागे बेंगळुरूच्या परिषदेत तू जे इंग्रजी भाषण केलंस ते लोक एकाएकी फार बघायला लागलेत आणि तुझे साहेबही खूश आहेत. बाबा शेजारी बसून गालातल्या गालात हसत होते. मला वाटलं, पोराचं कौतुक. त्या दिवशी तू आम्हाला स्वच्छ दिसत होतास, आम्ही मात्र तुला चौकोन चौकोन दिसत होतो. असं का, असं मी विचारलं. तर तू म्हणालास, येण्याची वाट आम्ही रुंद ठेवतो आणि जायची अरुंद, कारण लोक घेतात जास्त, पाठवतात कमी. मी म्हटलं, आईबापांचं उलटं असतं रे. तू हसलास आणि दुसऱ्याच विषयावर गेलास.

आता त्या दुपारचं. महालया, म्हणजे आपली सर्वपित्री, होऊन गेली होती. मी आत थालिपिठाची भाजणी भाजत होते, बाबा खिडकीपाशी खुर्चीत. बाहेर आले तर मान एका बाजूला, ओठ काळेनिळे, हात खाली लोंबलेला. त्यानंतर थोडा वेळ गेला. त्या वेळाचं मी तुला अजून सांगितलेलं नाही. मग मी माझा फोन उचलला आणि तुझ्या फोटोवर बोट ठेवलं, व्हिडिओचं. ते चाक नुसतं फिरत राहिलं. परत लावला, परत चाक. घरोघर खिडक्यांत फुटबॉल आणि कीर्तनं चालली होती, कोणी बघत नव्हतं, आणि माझा फोन काही जाईना. शेवटी मी जिन्यावरून ओरडत खाली गेले. तपतीदीच्या नवऱ्याचा तो जुना बटणांचा फोन, तो पहिल्या झटक्यात लागला. रुग्णवाहिका रेल्वे फाटकाला अडकली म्हणून पोरांनी बाबांना उचलून टोटोत, त्या विजेच्या रिक्षेत, घातलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं.

तू न्यू टाउनहून धावत आलास, चपला दोन पायांत दोन वेगळ्या, आणि तिथे व्हरांड्यात मला म्हणालास, आई, तू साधा फोन का नाही लावलास? साध्या बोलण्याला आम्ही नेहमी वाट राखून ठेवतो, कितीही गर्दी असली तरी. उचलली जीभ लावली टाळ्याला. तुझं चुकलं असतं तर बरं झालं असतं, मी तुझ्याशी भांडले असते. पण तुझं बरोबर होतं, तो बटणांचा फोन लागलाच की. फक्त मला एक सांग, इतकी वर्षं मला कोण सांगत होतं, आई, साधा लावू नकोस, तो तुटतो, व्हिडिओ लाव, तेवढाच तुझा चेहरा दिसतो? आणि खरं विचारशील तर त्या घटकेला मला रुग्णवाहिका सुचलीच नाही. मला तू हवा होतास. तू दिसायला हवा होतास.

त्यानंतर तू ते कधी बोलला नाहीस, आणि दुसरंही काही बोलला नाहीस. तेराव्याला आलास तेव्हाही गच्चीवर जाऊन टॉवर कुठे बसेल ते बघून आलास. इकडे गल्लीत कोणी व्हिडिओ लावेना. कोणी सांगितलं नव्हतं, पण कोणाच्याने लावला गेला नाही. दुर्गापूजेत ढाकवालेसुद्धा आपल्या दारावरून न वाजवता पुढे गेले. तुझ्या नकाशात गल्ली परत पांढरी झाली, आणि तेव्हापासून तू पेटलास. आता टॉवर येऊन माझ्यासाठी काय, वरातीमागून घोडं. पण तपतीदीच्या नवऱ्याचंही हृदय धड नाही, ती जिन्यात भेटली की माझ्याकडे बघते आणि काही विचारत नाही. त्यामुळे नको म्हणायचीही मला सोय नाही. मला तुझा राग येतो शौनक. बाबांचा येतो, त्या तूप सोडणाऱ्या बाईचासुद्धा येतो. भाजलेली भाजणी डब्यात तशीच आहे, दळायला न्यावी असं वाटत नाही. सकाळी उठावं असंही वाटत नाही, पण दूधवाला दार वाजवतो म्हणून उठते.

तरी तुझ्यासाठी शुक्रवारी मी प्रयत्न केला. म्हटलं, सुरुवात त्यांच्याच फोनने करू. कपाटातून काढला, चार्ज केला, खिडकीत ठेवला आणि त्यांनी जिथे सोडलं होतं तिथे बोट लावलं. तू दिसलास. तू दिसशील हे मला माहीत होतंच. निळा कोट, मागे चित्रं, तू व्यासपीठावर इंग्रजीत बोलतोयस. गल्ली फुटबॉल आणि कीर्तन लावत होती तेव्हा तुझे बाबा तुला लावून बसत होते, महिनेच्या महिने. ते एकाएकी फार बघणारे लोक म्हणजे हा एक म्हातारा, बाळा. एरवी आवाज बंद ठेवत असणार, म्हणून मला पत्ता नव्हता. त्या दुपारी का चालू केला देव जाणे, ऐकावंसं वाटलं असेल. मी आत भाजणी परतत होते आणि तुझा आवाज येत होता. मला वाटलं बापलेक बोलताहेत, तू मधूनच ऑफिसातल्या कोणाशी इंग्रजीत बोलतोस तसा बोलतोयस. बरं वाटलं मला. म्हणून मी घाई केली नाही. बाहेर आले तर त्यांचं ते तसं, आणि मांडीवरच्या फोनमध्ये तू. मी फोन उचलला आणि म्हटलं, शौनक, अरे बघ ना, बाबा असं काय करताहेत. तू बोलतच राहिलास. मी मोठ्याने म्हटलं. तुला दिसावं म्हणून फोन त्यांच्या तोंडासमोर धरला. तू कुठल्याशा चित्राकडे बोट दाखवून हसलास. मग मी किंचाळले, कारट्या, बाप जातोय तुझा, इकडे बघ. आणि तिकडे लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हा मला कळलं.

तो मधला वेळ तो. शुक्रवारी त्याच टाळ्या परत ऐकल्या आणि फोन बंद केला, त्यांचा आणि माझा, दोन्ही. तपतीदीला सांगितलंय, ती उद्यापासून गल्लीला लावायला सांगेल, तुझा नकाशा लाल होईल, टॉवरही येईल. मी मात्र लावणार नाही, आणि फोनवर तुझ्याशी बोलणारही नाही. तू दिसायला लागलास की मला कळत नाही तू खरा आहेस की नाहीस. तेव्हा सियालदाहून गाडी पकड आणि ये. येऊन काही बरं होणार आहे असं नाही, माझं नाही आणि तुझंही नाही. पण येऊन समोर बस. हवं तर तेच इंग्रजी भाषण कर, मी पुरतं ऐकेन. फक्त मी मध्येच काही म्हटलं, तर थांब.

तुझीच,
आई