बोट लागली

मौदा,
रविवार, १६ ऑक्टोबर १९८८

प्रिय गोपी,

नागपूरला नंदनवनच्या घरी आलेलं तुझं पोस्टकार्ड मी आईकडे वाचलं. 'दिवाळीत सुटी नाही, येत नाही, सगळ्यांना नमस्कार.' खाली अर्धं कार्ड कोरं होतं, तिथे तू नुसती रेघ ओढून ठेवलीस. होस्टेलात राहून शिकणाऱ्या मुलींना दिवाळीची सुटी नसते, हे पुण्यात नवीनच निघालं असेल. मी मास्तरीण आहे, बाई. सबबी ओळखण्यात माझी चौदा वर्षं गेली. तू येत नाहीस ती आपल्या मुकुंदच्या लग्नात यमुआत्या जे बोलली त्यामुळे, हे मला कळतं आणि आईलाही कळतं. आईनं तुझं कार्ड दोनदा वाचलं, देवघराच्या फळीवर ठेवलं आणि चकल्यांची भाजणी नेहमीपेक्षा जास्त दळून आणली.

नंदनवनच्या घरापुढे मांडव होता. आत्यानं तुला साडी दिली आणि चार बायकांसमोर हसत हसत म्हणाली की ही तर नको असलेली पोर, हिच्या आईनं माझ्याकडे मुंबईला येऊन मोकळं व्हायचं पक्कं केलं होतं, कशी राहिली देव जाणे. तू तशीच साडी हातात घेऊन स्वयंपाकघरात गेलीस आणि आईला विचारलंस, खरं आहे का हे. आई तांदूळ निवडत होती. ती 'हो' म्हणाली आणि पुन्हा सुपात बघायला लागली. मी दारात उभी होते, चहाचा ट्रे घेऊन. तुला वाटलं असेल, ताईलाही हे आत्ताच कळलं म्हणून ती गप्प आहे. ते तसं नव्हतं. आज मी त्या गप्प राहण्याबद्दलच लिहायला बसले आहे, पण त्यासाठी तुला आधी बोटीवर न्यावं लागेल.

बोटीचं नाव काढलं की तू उठून जायचीस. कोराडीच्या क्वार्टरमध्ये पाहुणे आले की बाबा ती गोष्ट काढणार म्हणजे काढणारच, आणि तू फ्रॉकचं टोक चावत विचारणार, तेव्हा मी कुठं होते? बाबा म्हणायचे, देवाच्या घरी. तुला ते मुळीच पटायचं नाही. पणजीच्या धक्क्यावर काढलेला तो फोटो आठवतो ना, आई, बाबा, मी आणि मुकुंद? तू पहिलीत असताना तो खिळ्यावरून काढलास आणि मुकुंदच्या बाजूला निळ्या बॉलपेननं एक दोन वेण्यांची मुलगी काढून ठेवलीस. बाबा केवढे चिडले होते. एकुलता एक फोटो तो. आईनं मात्र तो हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, 'राहू द्या जी. पोरीचं काही चुकलं नाही, फक्त जागा चुकली.' कोणालाच काही कळलं नाही. मला कळलं होतं.

तर सदुसष्ट-अडुसष्टचा काळ. बाबा तेव्हा खापरखेड्याच्या वीजघरात बॉयलरवर होते. आपल्या घराण्यात समुद्र कोणी पाहिला नव्हता, आणि कोणाचं त्यावाचून अडलंही नव्हतं. पण मुंबईहून गोव्याला आगबोट जाते असं बाबांना कोणीतरी सांगितलं आणि ते त्या शब्दावरच भाळले. आग आहे तिथे बॉयलर असणार, आणि बॉयलर आहे तर बॉयलरवाल्या आनंदरावांनी तो बघायलाच हवा. दोन वर्षं त्यांनी रजा साठवली. समुद्राचं पाणी खारट, बोटीवर प्यायला काय देतील, या काळजीनं त्यांनी कॅनव्हासची छागल खापरखेड्याच्या नळावर भरून घेतली. ती गाडीच्या खिडकीला टांगली आणि निम्मं पाणी भुसावळपर्यंत ठिबकून गेलं. उरलेलं आम्ही भाऊच्या धक्क्यापर्यंत जिवापाड जपत नेलं, तर बोटीवर चढल्या चढल्या समोरच पिण्याच्या पाण्याचा नळ. बाबा तरीही आपल्या छागलीतलंच पाणी प्यायले.

खालच्या डेकवर लोकांनी चटया टाकून जागा धरल्या होत्या. आपला होल्डॉल उलगडेपर्यंत माणसं चढउतार करतात त्या दाराजवळचीच तेवढी जागा उरली. बाबा लगेच इंजिन बघायला गेले आणि अर्ध्या तासात उतरल्या चेहऱ्यानं परत आले. खाली कोळसा नव्हता, डिझेल होतं. 'आग कुठंच नाही वं,' ते आईला म्हणाले, 'मंग हिले आगबोट काहून म्हणते?' आई उत्तर द्यायच्या स्थितीत नव्हती. मुंबईचा किनारा दिसेनासा व्हायच्या आतच तिला उलट्या सुरू झाल्या होत्या. शेजारच्या चटईवर वेंगुर्ल्याची एक आजी होती, तिनं विचारलं, 'बोट लागली काय गो?' आता आपल्याकडे गाडी लागते ती फलाटाला. आईनं तोंड पुसलं आणि अदबीनं सांगितलं, 'नाही जी, कुठं लागली? अजून तं सारं पाणीच पाणी आहे.' अख्खी चटई हसली. मुकुंद तर होल्डॉलवर लोळलाच.

इथपर्यंतची गोष्ट तुला पाठ आहे. तेव्हापासून आपल्या घरात पोटात ढवळलं की बोट लागते. माझ्या दोन्ही गरोदरपणांत आईनं घरभर हेच सांगितलं, लतीले बोट लागली. पाहुण्यांना न सांगितलेला भाग पुढचा आहे.

त्या दिवशी समुद्र अगदी शांत होता. दुपारपर्यंत सगळे शेवचिवडा खात होते, पत्ते खेळत होते, एकट्या आईच्याच उलट्या थांबेनात. आजीनं तिला लिंबू दिलं, मग बराच वेळ तिच्याकडे पाहिलं आणि माझ्याकडे वाकून हळूच म्हणाली, 'ही बोट नाय हां, बाय.' मला ते तिच्या आधीपासून माहीत होतं. आई तेव्हा छत्तीस वर्षांची होती आणि तुझा तिसरा महिना चालू होता.

एप्रिलमध्ये यमुआत्याचं अंतर्देशीय पत्र माझ्या हाती लागलं होतं. आत्यानं लिहिलं होतं, मुलगी लग्नाची होत आली, या वयात हे कशाला, माझ्या ओळखीची एक नर्स आहे, तुमचा विचार झाला तर कळवा. आईनं ते पत्र डाळीच्या डब्यामागे ठेवून दिलं होतं. उत्तर दिलं नव्हतं. गोपी, हे नीट वाच. उत्तर दिलं नव्हतं. ते मी वाचलं आणि दोन दिवस जेवले नाही. मॅट्रिकची परीक्षा झाली होती, जूनमध्ये कॉलेजात जायचं होतं, दोन नवीन साड्या शिवणाच्या पेटीत घडी करून ठेवल्या होत्या. मैत्रिणींना काय सांगू, माझी आई बाळंतीण आहे म्हणून? तिसऱ्या दिवशी मी आईसमोर उभी राहिले आणि म्हणाले, 'मले तुझी लाज वाटते. हे मूल घरात आलं तं मी कॉलेजात पाय नाही ठेवणार.'  संध्याकाळी तिनं आत्याला लिहिलं की गोव्याहून परतताना आठ दिवस तुमच्याकडे राहतो. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, तुझी मर्जी. बाबांचं 'तुझी मर्जी' तुला ठाऊक आहे. त्यात मर्जी कोणाचीच नसते.

म्हणजे आपली ती पहिली समुद्राची सहल जाताना सहल होती आणि येताना काय होती, ते मुकुंद सोडून आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

बोटीवर मला एक गोष्ट पहिल्यांदा दिसली. आई पाय लांब करून बसली होती. घरी मी तिला कधी तशी पाहिली नव्हती. चूल नाही, पाणी भरायचं नाही, कपड्यांवरची वीजघराची राख झटकायची नाही, कोणी हाक मारत नाही. कोणीतरी चहा आणून देतं, कोणीतरी लिंबू देतं आणि ती नुसती पाण्याकडे बघते. मला वाटतं, 'मला काय हवं' हा विचार करायला तिला जन्मात तेवढा एकच दिवस मिळाला.

संध्याकाळी बोट विजयदुर्गाला थांबली. तिथे बोट किनाऱ्याला लागत नव्हती, माणसं दारातून खाली पडावात, म्हणजे लहान होडीत, उतरायची, आणि पडाव सारखा वरखाली होत होता. एका तरुण बाईला उतरायचं होतं आणि तिच्याजवळ तान्हं मूल होतं. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि दाराशी बसलेल्या आईच्या हातात ते देऊन टाकलं. ओळख ना पाळख. ती उतरली. मग आईनं ते खलाशाकडे दिलं, खलाशानं वाकून पडावातल्या एका म्हाताऱ्याकडे, म्हाताऱ्यानं त्या बाईकडे. खाली काळं पाणी आणि वर सगळे अनोळखी लोक 'हं, धरा, धरला, सोडा' म्हणत होते. मूल रडलंसुद्धा नाही. पडाव दूर गेला तरी आईचे हात तसेच पुढे राहिले होते. मी ते पाहिलं आणि मुकुंदला उगाच रागावले.

सकाळी पणजी दिसायला लागली तेव्हा आई कठड्यापाशी आली आणि म्हणाली, 'लते, मले भूक लागली वं.' मी बोटीच्या कँटीनमधून चहा आणि पाव आणले. तिनं उभ्या उभ्या चार पाव खाल्ले. मग बोटं पुसत म्हणाली, 'परततानी यमुताईकडं उतरायचं नाही, सरळ स्टेशनवर जायचं. तुले लाज वाटन तं वाटू दे. मले नाही वाटून राहिली.' एवढंच. फोटोत मी तोंड फिरवून उभी आहे ना, ते उन्हामुळे नाही. मी आईशी नागपूर येईपर्यंत बोलले नव्हते.

डिसेंबरात तू झालीस. मी कॉलेजात गेले आणि वर्षभर मैत्रिणींना सांगत राहिले की आमच्याकडे मावशीची मुलगी ठेवली आहे. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. मग एकदा एक मैत्रीण माझ्याबरोबर खापरखेड्याला आली. आई तुला घेऊन बस थांब्यावर उभी होती आणि तू मला पाहताच आईच्या कडेवरून अशी झेप घेतलीस की पुस्तकं टाकून तुला झेलावं लागलं. मैत्रीण म्हणाली, मावशीची मुलगी अगदी तुझ्यासारखी दिसते गं. मी म्हटलं, माझी बहीण आहे ही, सख्खी. आईनं ते ऐकलं आणि काहीच न ऐकल्यासारखी पुढे चालायला लागली. ती तशीच आहे. यंदा मे महिन्यात, मुकुंदच्या लग्नात, ती तुला फक्त 'हो' म्हणाली, कारण त्यापुढे एक जरी शब्द बोलली असती तर माझं नाव घ्यावं लागलं असतं. वीस वर्षं तिनं ते घेतलं नाही. तुझं तोंड फिरलेलं चाललं तिला, पण ते नाव तिनं घेतलं नाही, आणि मी ट्रे धरून तिला तसं करू दिलं. 'नको' आईनं म्हटलं नव्हतं, गोपी. ते मी म्हटलं होतं. रागवायचं तर माझ्यावर रागव, मला ते चालेल. आईवर रागावू नकोस.

आता हे सगळं वीस वर्षांनी आणि आजच का, ते लिहिते. मी आता छत्तीसची आहे. समुद्र इथून आठशे किलोमीटरवर आहे आणि मला बोट लागली आहे. माझी लेक, आपली तारा, चौदाची झाली. बुधवारी तिच्या लक्षात आलं, तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही, आणि काल दप्तर आपटून म्हणाली, 'मले तुझी लाज वाटते.' तेच शब्द. मी सूप घेऊन तांदूळ निवडत बसले. मला हे मूल हवं आहे, गोपी, पण तिला समजवायला माझं तोंड नाही आणि आई तर काही बोलणारच नाही. तारा तुझं ऐकते. तुझ्यासारख्या दोन वेण्या घालायच्या म्हणून तिनं केस वाढवले आहेत. तेव्हा दिवाळीला ये. येताना नंदनवनला उतर, आईच्या हातची चकली खा, तिला काही विचारू नकोस. भिंतीवरचा तो फोटो काढून घे आणि मौद्याला घेऊन ये. तारापुढे तो ठेव, आणि तिला फक्त एवढं सांग की तू त्या बोटीवर होतीस.

तुझीच,
तोंड फिरवून उभी असलेली,
लताताई