दंडाचं वरण

बाई, मला दंड झाला. हसू नका. तुम्ही हसत असाल हे माहीत आहे मला, तोंडाला पदर लावून, आवाज न करता, नुसते खांदे हलवत. गावानं बैठक बसवली, मला समोर बसवलं आणि तुम्हाला केला होता तोच दंड मलाही केला. काल तो भरून झाला. आज अंगणात बाज टाकून बसले आहे, कंबर धरली आहे, हातांना अजून चुलीच्या धुराचा वास येतो आहे. ऑफिसातली नवी पोरं विचारतात, मॅडम, दंड झाला तर तुम्ही खूश काऊन दिसता? आता त्यांना काय सांगू बाप्पा! हे ज्याला सांगावं असं माणूस एकच होतं, आणि त्याला जाऊन कितीतरी पावसाळे झाले.

मी तुमच्याकडं आले तेव्हा धानोऱ्याच्या पुढं, जंगलातल्या दोन कौलारू खोल्यांना तुम्ही संस्था म्हणत होतात. माझा बाप वडशाच्या राईस मिलमध्ये पोती उचलायचा. आमच्या वस्तीतली मी पहिली बी.ए., आणि बापाच्या मनात मी तहसिलीत चिकटावं असं. "जंगलात जाऊन काय करशील? वाघाले बाराखडी शिकवशील?" असं म्हणून त्यानं मला बसमध्ये बसवलं होतं. तुम्ही मुलाखत घेतलीत ती स्वयंपाकघरात. चुलीपुढं बसलेल्या होतात, केसांत राख, समोर वरणाचं पातेलं. मला ताट वाढलंत आणि विचारलंत, "सांग, कसं झालं?" खारट होतं, बाई. जीभ आत ओढली जाईल इतकं खारट. मी तसंच सांगून टाकलं. तुम्ही पळी खाली ठेवलीत. "आजवर कोणी बोललं नाई. सारे म्हणते, छान झालं. तू राहा इथी." एवढीच मुलाखत. शाळेतली नोकरी सोडून तुम्ही या रानात का आलात, हे मी विचारायला विसरले ते कायमचंच.

गावात गोंडांची घरं जास्त, तलावाच्या अंगाला मासोळी धरणाऱ्या ढिवरांची वस्ती, म्हणजे टोला. तलाव दोघांचा. मोहफूल वेचून झालं की घरटी एक माणूस पाळीवर, तलावाच्या बांधावर, माती टाकायला येणार, आणि उन्हानं पाणी आटलं की एके दिवशी सारं गाव मिळून मासोळी धरणार. मग पाळीवर पळसाची पानं मांडून वाटे घालायचे. प्रत्येक घराला एक पान. जी बाई पोटुशी, तिला दोन, कारण पोटातलंही गावातलंच. म्हातारं, आंधळं, बाळंतीण, ज्यांच्यानं माती होत नाही, त्यांचंही पान असायचं. आपलं नव्हतं. आपल्याकडं वाडग्यातून शिजवलेली मासोळी यायची. पाहुण्याला शिजवून देतात, घरच्याला कच्ची देतात. तुम्ही मासोळी खात नव्हतात म्हणून तुम्हाला हा फरक कळला नाही, आणि मी खात होते म्हणून मलाही कळला नाही. मी आपली बोटं चाटत बसायची.

मग तुमच्या हातून ती चूक झाली. संस्थावाल्यांनीच करावी अशी चूक, दुसऱ्या कुणाला ती सुचायची नाही. पाळ दरवर्षी खचते, माणसं उन्हात मरमर मरतात, एकदाची पक्की करून टाकू, म्हणून तुम्ही नागपूरच्या एका ट्रस्टकडून मदत आणलीत. ट्रॅक्टर आले, बाहेरचे मजूर आले, गावातल्याही काहींना मजुरी मिळाली. वरून बैलगाडी जाईल अशी पाळ झाली. फोटो निघाले, मी भाषण ठोकलं. आणि त्या उन्हाळ्यात मासोळीच्या दिवशी, अगं माय, काय तो तमाशा! मजुरी मिळालेले म्हणाले, घाम आमचा, वाटा आमचा. न मिळालेले म्हणाले, आमाले बोलावलंच नाई. जवान पोरं म्हणाली, ज्याचं जाळं त्याची मासोळी. ढिवर टोल्यातली एक सून पोटुशी होती, तिच्या पानावर एकच वाटा पडला आणि तोही नुसत्या झिंग्यांचा. दुसऱ्या दिवशी ढिवरांची जाळी कापलेली सापडली. दोन टोल्यांचं बोलणं बंद झालं. आपल्या बालवाडीतसुद्धा पोरं दोन कोपऱ्यांत बसायला लागली, आणि मधल्या रिकाम्या जमिनीकडं तुम्ही बघत राहायच्या.

पुढच्या वर्षी पाळीवर कुणी आलं नाही. पक्की म्हटलेली पाळ एका कोपऱ्यात बसली होती. तुम्ही एक दिवस टोपली उचललीत, डोक्याला ओला पंचा बांधलात आणि निघालात. मला तुमचा राग आला होता, खरं सांगते. लाजही वाटत होती. एवढी शिकलेली बाई उन्हात माती वाहते आहे आणि लोक येता-जाता बघून पुढं जाताहेत. तुम्ही म्हणत होतात, "काम दिसलं का लोक येते." कुणी येत नव्हतं. शेवटी आली ती त्या पोटुश्या सुनेची सासू. माती टाकायला नाही, कमरेवर हात ठेवून भांडायला.

"ओ बाई! पाळ कोनाची हाय?"

"गावाची," तुम्ही म्हणालात.

"मंग गावाले इचारलं का? मांगच्या साली बी नाई इचारलं, आता बी नाई. तुमी इचारता कमी आन् करता जास्त."

मला वाटलं, आता तुम्ही समजावून सांगाल. तुम्ही टोपली खाली ठेवलीत. म्हणालात, "चुकलं माझं. आता काय करू?" तर म्हातारी आणखीच भडकली. "मले काऊन इचारता? बैठकीत इचारा!"

आणि गंमत बघा, वर्षभर एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं तुम्हाला दंड करायला म्हणून एकत्र बसली. एकीकडं गोंड, एकीकडं ढिवर, मधे तुम्ही. गावपाटील म्हणाले, गावाले न इचारता पाळीले हात लावला, दंड लागते. माझं डोकं फिरलं. मी उभी राहून बोलायला लागले, ही बाई तुमच्यासाठी एवढं करते आणि तुम्ही हिलाच, वगैरे वगैरे. तुम्ही माझी ओढणी धरून मला खाली बसवलंत. म्हातारी दात नसलेलं तोंड उघडून हसली. "पोरी, परक्याले दंड नाई लागत. परक्याले चाय पाजते आन् रस्त्याले लावते." दंड असा ठरला की दोन्ही टोले मिळून पाळ करतील, आणि त्या दिवशी बाईनं स्वतःच्या हातानं साऱ्या गावाला वरण-भात करून घालायचा.

तो दिवस माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. पाळीखाली तीन दगडांची चूल, तुम्ही घामाघूम, मीठ टाकलं की नाही हे विसरून पुन्हा टाकता आहात आणि मी ओरडते आहे. सारं गाव जेवलं. घासाघासाला पाणी पीत जेवलं. "बाईचं वरण खाल्लं का तलाव आटते," असं कोणीतरी म्हणालं आणि वर्षभरात पहिल्यांदा दोन्ही टोले एकाच गोष्टीवर हसले. मग मासोळीचा दिवस आला. म्हातारी दारात उभी राहिली, हातात पळसाचं पान, पानावर अख्खी कच्ची मरळ. तुम्ही ती दोन्ही हातांत धरलीत. "आता याचं मी काय करू वं?" म्हणालात आणि तुमच्या डोळ्यांना धार लागली. मीच ती खवलं काढून साफ केली, रस्सा केला. तुम्ही बोट बुडवून जिभेला लावलंत आणि तोंड वाकडं करून म्हणालात, "खारट हाय." हे म्हणायला जीभ धजली तुमची!

त्यानंतर तुम्ही विचारायला शिकलात, आणि विचारून झाल्यावर गप्प बसायला. ते गप्प बसणं मला फार जड जायचं. मुलचेऱ्याकडं वसवलेल्या बंगाली निर्वासित बायांच्या बैठकीत कुणी बोलेना, म्हणून मीच त्यांच्या अडचणी धडाधडा सांगून टाकल्या, त्यांच्यासमोर, त्यांच्याच. परतीच्या बसमध्ये तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "पोरी, तू विचारून राह्यली का सांगून राह्यली?" मी धानोरा येईपर्यंत तुमच्याशी बोलले नाही. पण पुढच्या खेपेला मी ओठ दाबून बसले, आणि बराच वेळ गेल्यावर मागच्या रांगेतली एक बाई बोलली, मग दुसरी बोलली, आणि त्याच बाया पुढं आपल्याला न सांगता तहसिलीत जाऊन रेशनसाठी भांडून आल्या. मला राग आला की आपल्याला बोलावलं नाही. तुम्ही मात्र त्या दिवशी गूळ वाटलात. मग त्याच वर्षीच्या पावसात तुम्हाला ताप चढला. दवाखान्यात पोचवायला दोन्ही टोल्यांच्या माणसांनी खांदे बदलत तुमची बाज नाल्यापर्यंत नेली. नाल्याला पूर होता. म्हातारी तुमच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत होती, पाणी उतरायची वाट बघत सगळे काठावर बसलो होतो. पाणी उतरायच्या आत तुम्ही गेलात.

तेव्हापासून ही संस्था मी ओढते आहे. अंगणात जीप आली, कॉम्प्युटर आला, मी मॅडम झाले. दर उन्हाळ्यात मी पाळीवर टोपली टाकते, दर उन्हाळ्यात कच्चा वाटा येतो, पण आणणारे म्हणतात, "बाईचा वाटा आणला जी." तुमचा. आणि मी काही बोलले की गाव म्हणतं, "हो जी मॅडम." कुणी भांडत नाही, कुणी कमरेवर हात ठेवत नाही. बाई, मला याची भीती वाटायची. तुमच्या पानावर मी जेवते आहे, या गावात माझं स्वतःचं पान नाहीच, असं मनात यायचं.

या वर्षी एका ट्रस्टनं तलावाचा गाळ काढायला मशीन देऊ केली. मी फोनवर जागच्या जागी नाही म्हटलं. छाती काढून म्हटलं, आमच्या गावची पाळ गावच्या हातांनी होते. तुमचा धडा मला कसा पाठ आहे, असं वाटून दोन दिवस मी आपल्याच पाठीवर थाप मारत होते. तिसऱ्या दिवशी ऑफिसच्या दारात सून उभी. म्हातारीची सून, तीच, जिच्या पानावर झिंगे पडले होते. म्हातारी आता नाही. सुनेचे केस पिकायला लागले आहेत, आणि तेव्हा पोटात होती ती पोरगी आता आंध्रात मिरची तोडायला जाते.

"मॅडम, मशीन नाई पायजे म्हणून तुमी सांगतलं?"

मी समजावायला लागले. मजुरी, वाटे, कापलेली जाळी, सगळा इतिहास.

"थे मले नोका सांगू. माह्याच पानावरचा वाटा गेला होता," ती म्हणाली. "जवान पोरं सारे आंध्रात जाते. गावात रायते म्हातारे आन् आमी बाया. तलावातला गाळ कोन काढल? तुमी?" आणि तिनं कमरेवर हात ठेवले. "गावाले इचारलं का?"

नाही विचारलं, बाई. तुमचा धडा इतका पाठ होता की विचारायचंच राहिलं. मी म्हटलं, चुकलं माझं, आता काय करू? ती म्हणाली, बैठकीत या.

बैठकीत बराच वेळ बोलणं चाललं आणि मी तोंड उघडलं नाही. गावानं असं ठरवलं की गाळ मशीननं काढायचा, पण पाळीवरचा शेवटचा थर हातानंच घालायचा, घरटी एक टोपली, म्हणजे वाट्याला कुणी बोट लावणार नाही. हे ना तुम्हाला सुचलं होतं, ना मला. मी उठून ट्रस्टला फोन करायला निघाले, तर सून म्हणाली, "थांब वं! कुठी चालली? हिले दंड कोन लावल?" मॅडम नाही, हिले. मला रडू आलं आणि मी ते तुमच्यासारखं पदराआड लपवलं.

काल पाळीवर मी वरण-भात केला. तांदूळ माझ्या भावानं वडशाहून पाठवला होता. पहिला घास घेतला आणि साऱ्या पंगतीत हसू फुटलं. "अव्वा! बाईवाणीच खारट!" पाण्याचे हंडे फिरले, जुनी माणसं नव्यांना तुमची गोष्ट सांगायला लागली, सुनेनं डोळे पुसत मला विचारलं, हात चुकला का वं? मी म्हटलं, हो, चुकला. हे कागद कुठं पाठवायचे नाहीत, उद्या चूल पेटवायला होतील, म्हणून तुम्हाला खरं सांगते. बाई, हात चुकला नव्हता.