दोन कन्सोलचं घर

प्रिय वकीलबाई,

हे पत्र तुझ्या चष्मेवाल्या मैत्रिणीच्या हाती देतोय. घ्यायला तयार नव्हती. म्हणाली, आता कशाला तिच्या डोक्याला ताप देतोस? पण मी असा काही चेहरा करून दारात उभा राहिलो की तिनं पाकीट पर्समध्ये कोंबलं आणि वर ऐकवलं, मी उघडून वाचणार हं. वाचू दे. माझ्याकडे झाकून ठेवण्यासारखं काही उरलेलं नाही. फोनवर तू मला बंद केलंयस. गेममध्ये निरोप टाकावा तर तो मोठ्या पडद्यावर उमटतो, आणि तो पडदा आता कुणाच्या भिंतीवर लागलाय ते मी डोळ्यांनी बघून आलोय. म्हणजे, तो मीच चालू करून आलोय.

सोमवारी आमच्या इंटरनेटच्या दुकानाच्या मालकांनी पत्ता हातात दिला. नवी जोडणी, राऊटर बसवायचा, घरात दोन गेमिंग कन्सोल, माणूस चोखंदळ आहे, तेव्हा तोंड सांभाळ. तुझ्या कामाला तक्रारी येत नाहीत, तोंडाला येतात, हे त्यांचं रोजचं वाक्य. मी पिशवी उचलली आणि गेलो. फ्लॅटला नव्या रंगाचा वास होता, सोफ्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं, खिडक्यांना पडद्यांऐवजी वर्तमानपत्रं चिकटवलेली. दार उघडणाऱ्याच्या हाताला रंग लागला होता. उन्हातून आलात, आधी बसा, पाणी घ्या, असं म्हणून त्यानं स्वतः पाणी आणलं. मला कुणी अहोजाहो करत नाही गं. केबल ओढणाऱ्या पोराला लोक 'ए' म्हणतात. तो माणूस मला आवडला, आणि तिथेच माझं नशीब फुटलं, कारण ग्लास खाली ठेवताना टीव्हीखाली मला तुझा कन्सोल दिसला. कोपऱ्यावरचा पोचा, मी हरल्यावर फेकलेल्या कंट्रोलरनं पडलेला, आणि त्यावर तू चिकटवलेली जखमेची पट्टी. पट्टी आता मळलीय. निघालेली नाही.

हा माझ्या बायकोचा, तो म्हणाला. मग कान लाल करून म्हणाला, म्हणजे होणाऱ्या.

मी काम सुरू केलं. दुसरं काय करणार होतो? राऊटर चपलांच्या कपाटात ठेवायचा त्याचा बेत होता, दिसायला बरं म्हणून. मी म्हटलं, साहेब, कपाटात कोंडलं तर सिग्नल चपलांनाच मिळेल. तो मोकळेपणानं हसला. तो हसला नसता तर बरं झालं असतं. मग फळी लावली, उंचावर, घराच्या मधोमध, आणि दोन्ही कन्सोलना वाय-फायच्या भरवशावर न ठेवता भिंतीच्या कडेकडेनं केबल ओढली. खिळे ठोकताना तो खाली वाकून केबल भिंतीशी धरून होता आणि बोलत होता. माझं काय हो, मी कसाही हरतोच. तिचा नीट चालला पाहिजे. गेम अडकला की ती टीव्हीशी वाद घालते, पुरावा दाखव म्हणते. मी हं हं करत होतो, तोंडात खिळे होते म्हणून. तुला वकीलबाई हे नाव कुणी आणि कशावरून ठेवलं, ते त्याला माहीत नाही.

आता नीट वाच, कारण इथे माझी परीक्षा झाली. राऊटर म्हणजे घराचा वॉचमन. बाहेरून येणाऱ्याला तो कुठल्या दारानं कुणाकडे सोडायचं ते ठरवतो. एकाच घरात दोन कन्सोल एकच गेम खेळायला लागले की दोघेही एकच दार मागतात. ज्याला मिळालं तो राजासारखा खेळतो. दुसऱ्याला खेळता येतं, पण खेळ मध्येच तुटतो, बाहेरच्या काही जणांचे आवाज ऐकूच येत नाहीत, आणि नक्की काय बिघडलंय ते कळत नाही. ते एक दार तुझ्या नावे लावून मी निघून आलो असतो तर त्या बिचाऱ्याला जन्मभर कळलं नसतं. तुम्ही दोघं शेजारी बसला असता आणि त्याचा खेळ सारखा तुटत राहिला असता. माझं बोट बटणावर गेलंही होतं. तुला माहीत आहे माझं डोकं किती लवकर फिरतं. कॉलेजात लॅबमध्ये सरांनी चारचौघांत खोटारडा म्हटलं तर मी ओळखपत्र टेबलावर आपटून बाहेर पडलो, तो परत गेलो नाही. पण या वेळी बोट मागे घेतलं. दोघांना वेगवेगळे पक्के पत्ते दिले, ज्याला जे दार लागेल ते राऊटरनं आपणहून उघडावं अशी सेटिंग चालू केली, जुने नियम पुसले, सगळं बंद करून पुन्हा चालू केलं. दोन्ही पडद्यांवर 'खुलं' असं आलं, म्हणजे दोघांनाही आपापलं दार मिळालं. हे मी का केलं ते शेवटी सांगतो. चांगुलपणानं नाही केलं, एवढं आत्ताच सांगून ठेवतो.

मग तुझा कन्सोल तपासायला घेतला, तर कोपऱ्यात तुझ्या सोबत्यांची नावं उघडली. सगळ्यात वर, चांदणी लावलेलं, 'भडकू'. आणि नावाशेजारी हिरवा ठिपका, कारण माझ्या खिशातल्या फोनवर गेम चालूच होता. विचार कर. मी तुझ्या होणाऱ्या घरात स्क्रूड्रायव्हर घेऊन उभा आणि भिंतीवर लिहिलेलं, हा हजर आहे. तो म्हणाला, हा भडकू कोण कोण जाणे, कायम वरती असतो. मी एकदा म्हटलं, काढून टाकू का, तर म्हणाली, राहू दे. तुमच्या ओळखीचा आहे का? मी म्हटलं, नाही, असल्या नावाची पोरं पुष्कळ असतात.

राहू दे. तेव्हापासून मी त्या दोन शब्दांवर जगतोय. आई म्हणते, तू जेवत नाहीस, ताटाशी भांडतोस. मालक म्हणतात, केबल उलटी लावतोयस, घरी जाऊन झोप. झोप कुठली. तू नेमकं कसं म्हणालीस? कंटाळून? घाईत, हातातलं काम न सोडता? की थांबून? तुझे सगळे आवाज मला पाठ आहेत, पण हा एक मी ऐकलेला नाही, आणि मला तो सारखा ऐकू येतो.

आणखी एक बातमी. तू माग म्हणाली होतीस ती माफी मी काल सरांकडे मागून आलो. आपलं सगळं मी न मागितलेल्या त्या एका माफीवर तुटलं, म्हणून घसा कोरडा पडेपर्यंत भाषण पाठ केलं होतं. सरांना मी आठवलोच नाही. कुठल्या वर्षाला होतास रे, म्हणून विचारलं. ज्या भांडणावरून मी कॉलेज सोडलं, तुला घालवलं, ते त्यांच्या लक्षातसुद्धा नव्हतं. बाहेर येऊन जिन्यावर बसलो आणि आधी हसायला आलं. नंतर काय आलं ते लिहीत नाही. मग उठून पुन्हा आत गेलो आणि राहिलेली वर्षं पुरी करता येतील का ते विचारलं. येतात म्हणाले.

आता हे पत्र कशासाठी ते सांगतो. आमच्या दुकानाचा नियम आहे, ज्यानं जोडलं त्यानंच निस्तरायचं. पहिल्या आठवड्यात तक्रार आली तर मालक दुसऱ्या कुणाला पाठवत नाहीत, मलाच पाठवतात. आठवडा कोरडा गेला की ते घर माझ्याकडून कायमचं सुटतं. मी तिथली एकेक जोड दोनदा दाबून पाहिलीय, केबलला कुठे मुरड ठेवलेली नाही. आजवर इतकं चोख काम मी केलेलं नाही, आणि ते त्याच्यासाठी केलेलं नाही, तुझ्यासाठीही नाही. तिथे आता काही बिघडणार नाही, म्हणूनच तिथून तक्रार आली तर तिला एकच कारण असेल. वकीलबाई, रविवारपर्यंत दुकानात फोन कर. नेट अडकतंय म्हण, आवाज येत नाही म्हण, काहीही खोटं बोल, पुरावा मी मागणार नाही. आणि फोन आला नाही, तर रविवारी संध्याकाळी गेममधून माझं नाव मीच पुसून टाकेन, म्हणजे तुला ते काढावं लागणार नाही. तोवर दुकानातला फोन वाजला की मीच उचलतो. मालकांनाही हात लावू देत नाही.

तक्रारीची वाट पाहणारा, तुझाच
भडकू