हळदकुंकू लावलेला डबा

आबा,

काल दर्यात गेलेला तुमचा सुजित अजून परतला नाही, फोन लागत नाही. बोट कुठे आहे ते दाखवणारं यंत्र मात्र वर्षभर देव्हाऱ्याखाली पडून होतं. नारळी पौर्णिमेला तुम्ही त्या डब्याला हळदकुंकू लावलंत आणि म्हणालात, "दर्या आपल्याला ओळखतो. बसवू पुढल्या हंगामात." मीही सून म्हणून गप्प बसले. चुकलंच माझं.

आता ते गणराजभाऊजींच्या बोटीवर बसवलंय. त्याच बोटीने आम्ही दोघं त्याला शोधायला निघालोय. तुमच्या मोबाईलवर नकाशा उघडून ठेवलाय, चार्जर काढू नका. हिरवा ठिपका म्हणजे आम्ही. तो दिसेनासा झाला तर देवापुढे बसू नका, बंदरावर धावा.

कोकिळा