विहिरीकडचं शेड

४ ऑक्टोबर

— आणि तरी उत्तर उलटंच येतंय. काल मम्मीने जेवायला हाक मारली म्हणून अर्ध्यात सोडलं होतं, पण डोक्यातून जाईना. परत पहिल्यापासून लिहिते. लिहिता लिहिता चूक सापडली तर सापडली.

बद्रीनाथ काकांची दोन शेड आहेत. एक रोडकडचं, एक विहिरीकडचं. दोन्हीत रेशमाच्या अळ्या, एकाच दिवशी आणलेल्या. तुतीचा पाला एकाच रानातला. उझी माशी दोन्हीकडे येते. ती अळीच्या अंगावर अंडं घालते, त्यातलं पिल्लू आत शिरतं आणि अळीला आतून खातं. वरून फक्त काळा डाग दिसतो. रोडकडे मी माझे वास्प सोडलेत. मुंगीपेक्षा बारीक उडणारे किडे. ते उझीच्या कोषात अंडी घालतात, की उझीचा पुढचा वंशच बंद. विहिरीकडे काहीच सोडलं नाही. ते कंट्रोल, म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची ते. एवढाच माझा थिसिस.

पहिल्या बॅचला फरक दिसणार नाही असं माझे गाईड सर म्हणलेच होते. दुसऱ्या बॅचला दिसेल. दिसला की! रोडकडे शंभरात अकरा अळ्या डागाच्या. विहिरीकडे दोन.

जिथं काहीच नाही तिथं कमी. कावून?

५ ऑक्टोबर

सरांना फोन केला. आकडे सांगितले. मग — "लेबल उलटी लावलीस का?"

नाही लावली सर. रोडकडच्या दाराला मी स्वतः हिरवी रिबन बांधलीय, विहिरीकडच्याला लाल.

"मग वास्प मेलेले असतील. आणखी एक बॅच घे. जानेवारीत सबमिशन आहे, लक्षात आहे ना?"

आहे लक्षात. दुसरं काही लक्षातच राहत नाही.

७ ऑक्टोबर

वास्प मेले नाहीत! रोडकडून उझीचे कोष आणले आणि कॉलेजात मायक्रोस्कोपखाली फोडले. आत माझे वास्प, गर्दी करून. मी खुशनुमाला ओढत आणलं बघायला. ती माझ्याच वर्गातली, बीडची, डाळिंबातल्या अळीवर काम करते. तिने बघितलं आणि म्हणाली, "काम तो कर रहे बिचारे. मग रिझल्ट कावून असा?"

तेच तर.

८ ऑक्टोबर

नवीन अळ्या आल्या. रोग आत जाऊ नये म्हणून चुन्यात पाय बुडवून दोन्ही शेडमध्ये गेले. पाला टाकताना विजयमाला काकूंनी विचारलं, "तुज्या गांधीलमाश्या हायेत का गेल्या?" पहिल्या दिवशी मला वास्पला मराठीत काय म्हणतात आठवेना, मी गांधीलमाशी म्हणले, तर काकू दोन दिवस रोडकडच्या शेडमध्ये डोक्यावर पदर घट्ट ओढून जायच्या. इंग्लिश मीडियमचे फायदे. आता त्या विहिरीकडचंच शेड बघतात, रोडकडचं काका बघतात.

"हायेत काकू. चावत नाहीत."

"न चावता काय काम करत्यात मग?"

मी शीट काढून मोजायला लागले.

१३ ऑक्टोबर

मम्मीची मैत्रीण आलती. "पोरगी काय करती?" मम्मी म्हणाली एम.एस्सी. कशात, तर मम्मी अडखळली आणि म्हणाली "शेतीत". किडे म्हणायला लाजते अजून. मी मुद्दाम बाहेर येऊन उझी माशीबद्दल सगळं सांगितलं. बाईने चिवडा खाली ठेवला.

१८ ऑक्टोबर

काहीतरी मी बघत नाहीये. विहिरीकडे गारवा जास्त? थर्मामीटर लावला. सारखाच. जाळी चांगली? दोन्हीकडे तीच. वारं? काका म्हणाले, "माशीला आमचं ते शेड आवडत नसंल. मानसाला न्हाई का, एखादं घर आवडत न्हाई?" सरांना हे सांगू शकत नाही.

विहिरीकडच्या दारात कोंबड्या लई घाण करतात. हाकलल्या तरी तिथंच. तिथं पाण्याचा हौद आहे म्हणून असेल.

२२ ऑक्टोबर

पाडवा. कळलं. घाईत लिहितेय डायरीबाई, अक्षर बघू नको.

काकूंना फराळाचा डबा द्यायचा म्हणून सकाळीच स्कूटी काढली. मी रोज अकराच्या पुढे जाते, आज आठलाच पोचले. घरात कोणी नाही. विहिरीकडच्या दारात सगळ्या कोंबड्या, माना वर करून उभ्या. आत काकू. नवं लुगडं, हातात प्लास्टिकचं वाडगं. रॅकवर वाकून एकेक अळी बघतायत आणि डागाची दिसली की वाडग्यात. मग दारात येऊन वाडगं रिकामं केलं. कोंबड्या तुटून पडल्या.

मी म्हणले, "काकू, हे काय?"

"आलीस व्हय? दिवाळीचं लवकर आलीस."

"हे रोज करता?"

"रोज. तू यायच्या आदी."

"काकू, मी सांगितलं होतं ना, ह्या शेडला काहीच करायचं नाही!"

"काय बी द्यायचं न्हाई म्हनलीस. म्या दिलं का काय? पावडर न्हाई, औषध न्हाई. नुसत्या डागाच्या येचल्या."

मला रडू यायला लागलं. तीन बॅच. दोन गेलेल्या आणि ही चालू. काकूंना वाटलं घरी भांडून आले. पाटावर बसवलं, माझ्याच डब्यातली करंजी मला दिली. मग म्हणाल्या, "तिकडच्यांना तुजी माशी हाय. ह्यांना कोन हाय? बिचाऱ्यांना तू लाल फीत बांधलीस आन सोडून दिलीस. मला आपलं वाटलं, कोनीतरी बघाया पाहिजे."

मी करंजी खाल्ली.

२३ ऑक्टोबर

सरांना सांगितलं. ओरडले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. "ह्यातलं काहीच वापरता येणार नाही. एक शेवटची बॅच बसते वेळेत. त्या बाईंना त्या शेडमध्ये येऊ देऊ नकोस."

त्यांचंच शेड आहे सर. हे मनात.

खुशनुमा हसून हसून बेजार. म्हणे, "अरे, तू काकूवरच थिसिस लिही ना! वास्प अकरा, काकू दोन. काकू जिती."

हसले मी पण. पण नंतर विचार करत बसले. काकूची पद्धत खरंच चांगली असेल तर? पण ते तरी कसं कळणार, तुलनेला काहीच उरलं नाही. एक शेड वास्पचं, एक शेड काकूचं. ज्याच्याकडे कोणीच बघत नाही असं शेड मला पाहिजे होतं आणि ते ह्या घरात निघतच नाही.

काकूंचा राग येतो आणि लगेच जातो. मग परत येतो.

१५ नोव्हेंबर

उद्या शेवटची बॅच. आज बोलायला गेले. रस्ताभर वाक्यं जुळवली, तिथं एक आठवेना. सरळ सांगितलं — ह्या वेळी विहिरीकडच्या अळ्यांना डाग पडला तरी राहू द्यायचा. कितीही पडले तरी.

काकू म्हणाल्या, "मरतील की मग."

"हो."

"तुला मेल्यालं पायजे?"

"मला बघायचंय काकू, काहीच नाही केलं तर काय होतं."

"ते आमाला ठाव हाय काय व्हतंय. त्यात बघायचं काय?"

काका तुतीचा पाला तोडत होते. तिथूनच म्हणाले, "अगं, एक शेड गेलं तर गेलं. पोरीची डिग्री अडकलीय." एवढंच, आणि परत पाला तोडायला लागले. एवढ्या सहज म्हणतील असं वाटलं नव्हतं. नाही म्हणले असते तर बरं झालं असतं का? माहीत नाही.

काकू म्हणाल्या, "बरं. न्हाई हात लावत. पर मग तिथला पाला तू टाक. माज्यानं बघवनार न्हाई."

म्हणजे आता विहिरीकडचं शेड माझं. दोन वेळ जायचं. मम्मी म्हणते वडवणीत आपल्या घरी राहतेस का त्या वस्तीवर?

२४ नोव्हेंबर

पाला टाकला की आवाज येतो. सगळ्या एकदम खातात, पत्र्यावर बारीक पाऊस पडल्यासारखा. इतके दिवस मी फक्त मोजायला यायचे, मान खाली, पेन हातात. आवाज ऐकलाच नव्हता नीट.

काकू दारापर्यंत येतात. आत येत नाहीत. "खात्यात का?" "खातात." मग जातात. शब्द पाळतायत.

२९ नोव्हेंबर

काकू माहेरी घाटनांदूरला गेल्या, भाचीचं लग्न. जाताना मला म्हणाल्या, "आता तरी बिनघोर ऱ्हाशील."

पहिला डाग दिसला. मोजला, शीटवर लिहिला. सरांना मेसेज केला. सरांचा अंगठा आला.

१ डिसेंबर

रोडकडे डाग कमी. विहिरीकडे भराभर वाढतायत. अगदी पाहिजे तसं! हाच ग्राफ मला पाहिजे होता, हाच!

मग मला आनंद का होत नाहीये? डागाची अळी पण खातच असते. आत काय चाललंय तिला माहीतच नाही. तिच्या शेजारीच चांगल्या. तिच्यातून निघालेलं पिल्लू उद्या माशी होणार आणि ह्यांच्यावर बसणार. मला दिसतंय, आणि मी पाला टाकतेय. शास्त्रात असंच असतं, वाचलंय मी. वाचताना काही वाटलं नव्हतं.

४ डिसेंबर

काका दुपारी हसत म्हणाले, "कोंबड्या परत विहिरीकडं जमाया लागल्या बघ." काकू अजून घाटनांदूरलाच आहेत. म्हणजे वाडगं कोणाच्या हातात होतं ते तुला कळलंच असेल. थोड्याच उचलल्या, परवापासून, शीटवर लिहिल्या नाहीत. उद्या सरांना आकडे पाठवायचेत. वास्प खरंच काम करतायत, ग्राफ अजूनही तेच सांगतो, ह्या थोड्यांनी काही बदलत नाही — का बदलतं? तुला काय वाटतं?