तेवीस पोथ्या आणि एक कोरा कागद

८ ऑक्टोबर २००८
उद्या दसऱ्याची सुट्टी, म्हणून प्रयोगशाळेतल्या एक्स-रे मशीनची पूजा आजच केली. झेंडू, हळद आणि बाबांनी मार्केट यार्डातून आणलेलं कुंकू, भरपूर. फोटो काढून बरोबरच्या सगळ्या संशोधकांना ईमेल केला. विज्ञान आणि संस्कृती यांच्यातला पूल बहुधा मीच.

१४ ऑक्टोबर
जुन्या पोथीच्या शाईत कोणते धातू आहेत, ते हे मशीन पानाला न खरवडता सांगतं. आज लाल शाईत शिसं सापडलं! घरी समजावून सांगितलं. बाबा हमाली करतात. म्हणाले, "एक्स-रे? पोथीचं हाड मोडलंय का गं?" समाजप्रबोधन अवघड आहे.

२१ ऑक्टोबर
तेवीस पोथ्या, तेविसांत शिसं. काळ्या शाईतही! तीनशे वर्षं एकच गुप्त कृती. सेमिनारला नाव दिलं. बाबांनी यार्डात पेढे वाटले.

२४ ऑक्टोबर, दुपार
प्रयोगशाळेच्या प्रमुख सुनीती मॅडमनी सेमिनारच्या सगळ्या स्लाइड्स शांतपणे पाहिल्या. मग म्हणाल्या, "आता झेरॉक्सचा कोरा कागद ठेवा."
कागदातही शिसं.
"हा कोणत्या शतकातला?"
शेजारच्या टेबलावरचा संशोधक आमोद खोकल्याचं नाटक करत हसला. मशीनच्या तोंडावर लाल भुकटी होती. बाजारच्या स्वस्त कुंकवात शिसं असतं म्हणे. कुणी टाकलं, असं मॅडमनी विचारलं. मी चपलांकडे बघत राहिले. झाडणाऱ्या यमुनाबाई मावशी म्हणाल्या, "माझ्याच हातून सांडलं असंल, बाई." मॅडमनी त्यांना खोलीत यायची बंदी केली.
मी योग्य वेळी सांगणार आहे.

२५ ऑक्टोबर
मॅडम फोनवर होत्या. मधे बोलणं असभ्य.

२६ ऑक्टोबर
रविवार. नाहीतर आज सांगितलंच असतं.

२७ ऑक्टोबर
मावशींनी दाराबाहेरूनच चकल्यांचा डबा दिला. सहा खाल्ल्या. दिवाळीत कुणाचा मूड कशाला घालवा?

३१ ऑक्टोबर
सांगितलं. मॅडमनी मान वर न करता ऐकलं. "माहीत आहे. तुमचा पूजेचा ईमेल आमोदने चोवीस तारखेलाच संध्याकाळी दाखवला. 'संकल्पना व पूजा : श्रद्धा कोंडीराम शेलार, बी.एस्सी.'"
मग मावशींवरची बंदी?
"त्यांनीच म्हटलं, राहू द्या. पोरगी सोमवारपर्यंत आपणहून सांगेल." मग कॅलेंडरकडे बघत, "आज शुक्रवार."
रिकामा डबा मावशींना परत दिला. त्यांनी फक्त विचारलं, "खुसखुशीत झालत्या का?"
बाबा अजून यार्डात माझ्या शोधाबद्दल सांगत फिरतात. त्यांना उद्या नक्की सांगणार.