तळाला नवी जमीन

९ जानेवारी, गुरुवार
निकिताची निवड झाली! गोव्याहून निघणारं संशोधनाचं जहाज, थेट हिंदी महासागराच्या मधोमध, दीड-दोन महिने. नांदेडला पीएचडी करणारी माझी बायको समुद्राच्या तळाचा दगड काढायला चालली. फोन आला तेव्हा मी दुकानात एका मोबाईलला स्क्रीन बसवत होतो. उलटी बसवली.
आता आईला सांगायचं कोणी?

१० जानेवारी
मी सांगितलं. म्हणजे अर्धं सांगितलं – 'गोव्याला ट्रेनिंग आहे.' आई म्हणाली, "लग्नाला वरीस न्हाई झालं अन् कसलं ट्रेनिंग?" पण मान हलवली. निकिता माझ्यावर चिडली. खोटं बोलून मला जायचं नाही, म्हणाली. मी म्हटलं, संक्रांत होऊ दे.

१४ जानेवारी, संक्रांत
सगळं बाहेर आलं. पहिली संक्रांत म्हणून निकिताला काळी साडी, हलव्याचे दागिने. शेजारच्या कमलबाईंनी वाण घेता घेता विचारलं, "गोव्यात कशाचं ट्रेनिंग गं?" निकितानं सरळ सांगून टाकलं – जहाजावर जाणार, समुद्रात. मी पाणी भरायच्या निमित्तानं बाहेर.
बायका गेल्यावर आई एवढंच म्हणाली, "पाण्यावर न्हाई जायचं." आवाजही चढवला नाही. तेच जास्त लागलं.

१६ जानेवारी
घरात शब्द नाही. शेवटी निकिताला गोपाळमामाचं सांगितलं. आईचा धाकटा भाऊ. लहानपणी गंगेत, म्हणजे इथल्या गोदावरीत, पोहायला उतरला, वर आलाच नाही. सापडलाही नाही. आई त्याचे कपडे धरून काठावर उभी होती. तेव्हापासून ती घाटावर गेलेली नाही – गंगाखेडात राहून.
निकितानं सगळं ऐकून घेतलं. मग उठून स्वयंपाकघरात गेली. आई भजी तळत होती. मी दाराशी.
आईनं मागं न बघता विचारलं, "खाली काय असतंय? तळाला?"
निकितानं नदीचं नाव काढलं नाही. म्हणाली, समुद्राच्या तळाला डोंगर आहेत, हजारो किलोमीटरची रांग. रांगेच्या मधोमध भेग. भेगेतून तापलेला रस वर येतो, गार पाण्यात त्याची साल लगेच घट्ट होते, मग आतला रस ती साल फोडून पुन्हा बाहेर येतो. उशीएवढे काळे गोळे, एकावर एक. तीच नवी जमीन. ती दोन्ही अंगांनी सरकत जाते, वर्षाला दोनेक बोटं.
आई कढईकडं बघत राहिली. "भजं फुटल्यावानी."
"अगदी तसंच, आई."
"म्हंजे तळ नवा होत ऱ्हातो."
"हो. अजूनही होतोय."
आईनं पहिला घाणा काढला आणि निकितापुढं ठेवला. माझ्यापुढं नाही.

२० जानेवारी
परवानगी मिळाली. अट एकच – रोज निरोप आला पाहिजे.

१ फेब्रुवारी
निकिताला गाडीत बसवून आलो. पिशवीत धपाटे, लोणचं, शेंगदाण्याची चटणी. ती म्हणाली, "आई, जहाजावर जेवण असतं." आई म्हणाली, "असंल. चटणी असती का?"
घर लय मोठं वाटायलंय.

१३ फेब्रुवारी
निरोप एका ओळीचा. आजचा – 'उलट्या थांबल्या. चटणी संपत आली.' आई मला दोनदा वाचायला लावते आणि गल्लीभर सांगते. आज कमलबाईंना सांगत होती, "तळाला नवी जमीन निघायलीय." कमलबाई म्हणाल्या, "मग सातबारा कुणाच्या नावावर?"
आई विचारात पडली. मला निकिताला विचारायला लावलं.

१४ फेब्रुवारी
निकिताचं उत्तर – 'तलाठी अजून पोचला नाही.' आई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

२ मार्च
निरोप नाही. काल नाही, परवाही नाही. गोव्याला फोन केला. तिकडं वादळ आहे, जहाज सुखरूप आहे, म्हणाले. आई जेवली नाही. वाटलं, आता मला बोलेल. बोलली नाही. संध्याकाळी चप्पल घालून निघाली. मी मागं मागं. घाटावर गेली. पायरीवर बसली, पाण्याकडं बघत. मग म्हणाली, "महारुद्रा, हुबा का? बस की."
बसलो.

४ मार्च
निरोप आला! वादळात जहाजावरचं इंटरनेटच बंद पडलं होतं. त्याआधी तळावर ओढायची लोखंडी जाळी खाली अडकली, दोर तुटायला आला होता – पण सुटली, आणि वर आली ती दगडांनी भरून. दगडावर काचेसारखी चकचकीत काळी साल. निकितानं लिहिलंय, 'एवढा कोवळा दगड मी कधी हातात धरला नव्हता.' आईनं 'कोवळा' पुन्हा वाचायला लावलं.

२९ मार्च
निकिता आली. काळवंडलेली, बारीक झालेली, आणि लय खूश. गच्चीवर गेल्यावर सांगितलं – गोव्याच्या त्याच प्रकल्पात तीन वर्षांची जागा देऊ करतायत. सांगताना माझ्याकडं बघत नव्हती. आईला एकटीला सोडून कसं जायचं? आणि आई गंगाखेड सोडणार नाही. सोमवारी 'नाही' कळवायचं ठरलं.

३१ मार्च, सोमवार
आईनं आमचं बोलणं जिन्यातून ऐकलं होतं. सकाळीच कमलबाईंच्या जावयाला आमचं आख्खं घर भाड्यानं ठरवून आली. मी विचारलं, "अन् आपण?"
"गोव्याला. तिघं बी."
"माझं दुकान?"
"तिकडं मोबाईल बिघडत न्हाईत का?"